आबा, ही घागर कोणासाठी?

आबा, पहिली तक्रार तुमच्यावरच. वाद अर्ध्यावर टाकून कोणी असं जातं का? मी येणार होते हे तुम्हाला माहीत होतं. फोनवर तुम्हीच म्हणालात, "ये पोरी. पन भांडाले येस का भेटाले, ते आधी सांग. भांडाले येत व्हशी तं भाकरी जास्त टाकाले सांगस." मी म्हटलं, दोन्हीला. तुम्ही हसलात, मग खोकलात, मग फोन तुमच्या पुतण्याच्या, बापूंच्या, हातात गेला. त्यानंतर बापूंचा फोन आला तो तुमच्या मातीला या म्हणून.

रडू आलं नाही. राग आला. माझा मुद्दा तयार होता आणि ऐकणारा निघून गेला होता.

माझी शिकवण फलाटावर वाटायच्या पत्रिकांची, असं तुम्ही चिडवायचात. चार पानं, वर एक प्रश्न, मध्ये वचनं, शेवटी प्रार्थना. तेव्हा तुमचा जन्म, बाप्तिस्मा, सेवेची वर्षं असं क्रमाने मला लिहिता येणार नाही. ते मंडळीच्या मासिकात येईल, 'प्रभूमध्ये निद्रिस्त' या मथळ्याखाली, तुमच्या टोपीतल्या फोटोसकट. जे मासिकात येणार नाही ते मी लिहिते.

मासिकात हे येणार नाही की तुम्हाला पुरायला जागा नव्हती. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आपली मूठभर घरं. जागा मागून मागून तुमचे दात पडले, जागा मिळाली नाही. शेवटी बापूंनी आपल्या कपाशीच्या वावराचा कोपरा दिला. बापू आपल्यातले नाहीत. त्यांच्या घरात देव्हारा आहे, पोळ्याला बैल पुजतात, अक्षय तृतीयेला, आखाजीला, घागर भरतात. त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी तुमची कबर खणली. चैत्रातली जमीन, पहार मारली की ठण्ण वाजत होती. आपल्या मंडळीची तरुण पोरं, मी धरून, तेव्हा जीपमधून खुर्च्या उतरवत होतो.

आणि मग भुसावळच्या पाळकांनी उपदेश केला. ज्यांच्या बैठकीने तुमचं उपदेशाचं व्यासपीठ काढून घेतलं तेच. म्हणाले, "आबा आज प्रभूजवळ आहेत, मला शंका नाही. पण इथे बसलेल्यांनो, आज रात्री तुम्ही मेलात तर कुठे जाल?" आणि बोट वळलं ते बांधाकडे. बांधावर बापू बसले होते, कोपरापर्यंत हात मातीने भरलेले. शेजारी अक्का, तुमच्या वहिनी, पदराने तोंड झाकून. आबा, तो प्रश्न मला पाठ आहे. आमच्या पत्रिकेचं पहिलंच वाक्य. भुसावळच्या फलाटावर मी तो कोणाकोणाला विचारला, गणती नाही. तिथे तो मला कधी उद्धट वाटला नाही. त्या वावरात वाटला.

तुम्हालाही मी तोच विचारला होता. आठवतं? फलाटावर बाकड्यावर एक म्हातारा बसलेला, पायाशी पिशवी, पिशवीत कैऱ्या. मी पत्रिका पुढे केली. "काका, आज रात्री तुम्ही मेलात तर कुठे जाल?"

तुम्ही पत्रिका घेतलीत, उलटी-सुलटी पाहिलीत. "आज रातले? आज रातले मरनं जमनार नही, पोरी. दीपनगरले पोरगी वाट देखी ऱ्हायनी. कैऱ्या तिनासाठे शेत."

माझ्या गटातली पोरं फिसकन हसली. मी नाही हसले. मी म्हटलं, काका, हा चेष्टेचा विषय नाही.

"नहीच शे," तुम्ही म्हणालात. "मी पन हाईच काम करस. फक्त मी आधी पानी मांगस. प्रभूले विहिरवर परकी बाई भेटनी, त्यानी पहिले काय करं? पानी मांगं. प्रश्न मंग. तू पहिलेच प्रश्न टाकी दिधा. बाटलीमा पानी शे का?"

मी बाटली दिली. तुम्ही वरून प्यायलात, अर्धी संपवलीत, आणि मग उपदेशक असल्याचं सांगितलंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी सुटताना खिडकीतून म्हणालात, "गावले ये. तुन्हासारखी भांडखोर पोरगी आमना मंडळीमा नही शे."

आले. आणि तुम्ही मला पहिल्याच महिन्यात उपासनेत बोलायला उभं केलंत. पुरुषांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. बाई उपदेश करणार? शहरात यावर व्हॉट्सअ‍ॅपवर रात्रंदिवस भांडणं चालतात, मोठमोठ्या लोकांचे व्हिडिओ इकडून तिकडे फेकले जातात. तुम्ही व्हिडिओ पाहिले नाहीत. बसल्या जागेवरून एवढंच म्हणालात, "प्रभूनी कबर रिकामी शे, हाई पहिले कोनी सांगं? बायासनी. मंग हाई बी सांगी." कुजबुज थांबली. मी उभी राहिले, बोलले. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. मला वाटलं होतं, तो माझा हक्कच होता. होताच. तरी आभार मानायला हवे होते.

आता घागर.

आखाजीला घरोघर घागर भरतात हे मला कोणी शिकवायला नको. आमच्या रेल्वेच्या क्वार्टरांतही भरायचे. नवी मातीची घागर, वर छोटं मडकं, त्यावर खरबूज, कुंकवाची बोटं. चुलीतल्या निखाऱ्यांवर पुरणपोळीचा घास टाकायचा, आगारी म्हणतात ती. गेलेल्या माणसांना पाणी पोचावं, घास पोचावा म्हणून. विश्वासणाऱ्यांच्या घरात हे करत नाहीत. मेलेला माणूस पाणी पीत नाही, त्याचं सगळं देवाच्या हातात आहे. यावर तुमचं-माझं दुमत नव्हतं. मग पहिल्याच आखाजीला तुमच्या उपासनेच्या खोलीसमोर, निंबाखाली, तिवईवर ठेवलेली ती नवी घागर?

"ही घागर कोणासाठी, आबा?"

"ज्याले तहान लागी त्यानासाठे."

"आखाजीलाच बरी तहान लागते?"

"ऊन पन आखाजीलेच लागस ना, पोरी."

कुंकू नव्हतं. खरबूज नव्हतं. आगारी नव्हती. कोणाचं नावही घेतलं नव्हतं. पण गावात सगळ्यांना माहीत होतं की ती तुमच्या आईची घागर आहे. तिने बाप्तिस्मा घेतला नाही. तुमचा झाला त्या दिवशी वडिलांनी घराचं दार लावून घेतलं आणि ती कोरडं धोतर घेऊन नाल्याच्या काठावर उभी राहिली. म्हणाली, "देव बदलना, पोट नही बदलनं. जेवाले ये." विश्वासात कसे आलात ती साक्ष देताना हे तुम्ही प्रत्येक वेळी सांगायचात. पुढे उपासनेची खोली बांधायला काढली तेव्हा गावच्या विहिरीवर तुम्हा लोकांना कोणी चढू देईना. विटा-मातीला लागलेलं सगळं पाणी त्या माउलीने डोक्यावरून आणलं. खोलीत मात्र ती कधी येऊन बसली नाही. दाराशी घागर उतरवायची आणि जायची.

मी हे सगळं ऐकलं आणि तरी पत्रिका लिहिली. 'आखाजी आणि विश्वासणारा'. का लिहू नये? आज घागर, उद्या कुंकू, परवा आगारी. नव्याने आलेली घरं तुमच्याकडे पाहून चालतात. त्यांना तुमचा बारकावा कळणार आहे का? मी तुमचं नाव लिहिलं नाही. निंब लिहिला. कोणाला कळायचं राहिलं नाही.

तुम्ही काय करावं? माझ्या पत्रिकांचा गठ्ठा घेतलात आणि घागरीशेजारीच तिवईवर ठेवलात, उडू नये म्हणून वर दगड. लोक पाणी प्यायचे आणि पाण्याविरुद्धची पत्रिका घेऊन जायचे. मी चिडले तर म्हणालात, "वाचू दे ना. पोट ठंडं व्हयनं का मानूस शांतपने वाचस."

मी म्हटलं, तुमची पाणपोई खरीच तहानेसाठी असेल तर आखाजीचा मुहूर्त कशाला? उन्हाळाभर ठेवा. मला वाटलं, आता सापडलात. तुम्ही डोकं खाजवलंत आणि म्हणालात, "हाई तुन्हं बरोबर शे." पुढच्या वर्षी होळीपासून घागर निंबाखाली. रोज भरलेली, पावसापर्यंत. आखाजीलाही. मी खुंटा उपटायला गेले आणि तुम्ही तो आणखी खोल ठोकून बसलात. त्या रात्री मी भुसावळला परत येताना एसटीत एकटीच हसले होते, हेही तुम्हाला सांगायचं राहिलं.

भुसावळच्या बैठकीत कोणी हसलं नाही. वडील मंडळी, पाळक, तरुण संघातून मी. तुमच्यावर आरोप होता की मेलेल्यांच्या पूजेला तुम्ही उत्तेजन देता. तुम्ही कुंकू नाही, आगारी नाही, हे सगळं शांतपणे सांगितलंत. बरेच जण निवळले होते. तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, घागरीचं सोडा. एकच प्रश्न. तुमच्या आईने सुवार्ता ऐकली, तुमच्याच तोंडून ऐकली, आणि स्वीकारली नाही. ती आज कुठे आहे? हो की नाही एवढंच सांगा, ती तारलेली आहे?

हा प्रश्न चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. तारणाच्या बाहेर गेलेल्यांचं काय, नरक कायमचा की शेवटी नाश, ज्यांनी ऐकलंच नाही त्यांचं काय, यावर आपल्याकडे माणसं एकमेकांची तोंडं पाहीनाशी झाली आहेत. आणि प्रश्न महत्त्वाचा नसेल तर मी फलाटावर उन्हात उभी कशाला राहते? पण तुम्ही त्या सभेत तुमच्या हातांकडे पाहत राहिलात. तुमचं गप्प राहणं त्यांनी उत्तर म्हणून धरलं. व्यासपीठ काढून घेतलं, तुम्हाला प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला द्यायचं बंद केलं. मी मत दिलं नाही. म्हणजे विरोधातही दिलं नाही.

बाहेर आलो. एसटी स्टँडपर्यंत तुमच्याबरोबर चालत गेले. तुम्ही रुसला असाल असं वाटलं होतं. तुम्ही रसाच्या गाडीजवळ थांबून मला विचारलंत, बर्फ घालू का बिगर बर्फाचा.

"तिथे का नाही बोललात?" मी विचारलं.

"तठे तुमले निकाल जोयता व्हता. आते तू इचारी ऱ्हायनी."

"मग सांगा."

तुम्ही रस संपवलात. पेला उसाच्या चोथ्याशेजारी ठेवलात. म्हणालात, "पोरी, तिना न्याव करनारा मी नही शे. जो करनार शे, तो मन्हापेक्षा बरा शे. बस. एवढंच माले म्हाईत शे."

"ही पळवाट आहे, आबा."

"ऱ्हाऊ दे. म्हातारा मानूसले पळाले वाट तरी जोयजे."

त्यानंतर तुम्ही तुमच्याच खोलीत शेवटच्या रांगेत बसायला लागलात. कोणी नवखा तरुण समोर उभा राहून उपदेश करायचा आणि तुम्ही मोठ्याने 'आमेन' म्हणायचात. माझं येणं कमी झालं. रुसवा नव्हता. मी तोडगा शोधत होते. तुमच्या उत्तराला उत्तर. वाचलं, विचारलं, रात्री जागले, आणि शेवटी मिळालं. ते असं: निकाल त्याच्यावरच सोडायचा आणि तो आपल्यापेक्षा बरा असेल, तर मग आबा, तुम्ही आयुष्यभर उन्हातान्हात पाडे का तुडवलेत? वडिलांनी दार लावून घेतलं ते कशासाठी सोसलंत? मी पत्रिका का वाटू? हे घेऊन मी येणार होते. याला तुम्ही काय म्हणाला असतात? मी स्वतःच तुमच्या बाजूने उत्तरं करून पाहते. एकही तुमच्यासारखं होत नाही. तुमच्या उत्तरात नेहमी काहीतरी खायचं-प्यायचं असायचं.

काल आखाजी झाली, आबा.

आधी बापूंचा फोन आला होता. "ताई, आबानी पहिली आखाजी शे. आमनामा पहिली आखाजीले घागर भरनीच पडस. पन आबा तुमना मानूस. काय करू?" मी हे मंडळीत सांगितलं. पाळक म्हणाले, जाऊन समजावून सांगा, कबरीवर घागर नको, आगारी नको, आबांच्या साक्षीला बट्टा लागेल. मला ते पटलं. आजही पटतं. म्हणून गेले.

बापूंच्या दारासमोर झोका बांधलेला. माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. घरातून आमरसाचा वास. ओट्याच्या कोपऱ्यात दोन घागरी. एक पूजलेली, कुंकवाची, खरबूज ठेवलेली. दुसरी कोरी. रिकामी. तिच्यावर काहीच नव्हतं.

"हाई आबानी," बापू म्हणाले. "आजून हात नही लावा तिले. तुमनी वाट देखत व्हतू. तुमनामा काय करतस ते सांगा. तसंच करू. पन काहीतरी करू, ताई. पहिली आखाजीले मानूसले तहान्या ठेवत नही."

मी समजवायला गेले होते. सगळं तयार होतं, वचनांसह. पण बापूंनी घागर भरू का असं विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, तुमच्यात काय करतात. आणि आबा, आपल्यात काहीच करत नाहीत. कबरीवर फूल ठेवतो, गीत म्हणतो, मेलेल्यासाठी प्रार्थना करत नाही, कारण त्याचं सगळं झालेलं आहे, पूर्ण झालेलं आहे. हे मी मानते. यातच माझं तारण आहे. पण हातांना करायला काही उरत नाही. बापूंचे हात पाहिले. तेच हात, कबर खणलेले. त्या हातांना मी काय देऊ? पत्रिका?

"चला," मी म्हटलं, "निंबाखाली ठेवू. आबा ठेवायचे तशी."

"कुंकू?"

"नको."

"आगारी?"

"नको, बापू. फक्त पाणी."

बापूंनी जरा विचार केला. "नाव तरी ल्यो ना त्यानं."

"नाव घेऊ," मी म्हटलं. नाव घ्यायला कोणी मनाई केलेली मला आठवेना.

हापशावर घागर मी भरली. बापूंच्या सुनेने दांडा मारला. नवी घागर, पाझरून माझी ओढणी भिजली. तिवई तुमचीच होती, खोलीमागे पडलेली, धुऊन घेतली. शेळ्या घेऊन चाललेली एक बाई थांबली, प्यायली. मग मोटारसायकलवरचे दोघे. एकाने विचारलं, आबानी घागर का? बापू म्हणाले, हो, आबानी.

तेवढ्यात काठी टेकत अक्का आल्या. तिवईशेजारी दगडावर बसल्या. घागरीला हात लावून पाहिला, गार झाली का. मग माझ्याकडे वळून, "आबा कठे शे आते, पोरी?"

हे सोपं होतं. "प्रभूजवळ, अक्का."

"बरं. आनि त्यानी माय? मन्ही सासू?"

आबा, झोक्यावरच्या पोरींचं गाणं तिथपर्यंत ऐकू येत होतं. मी म्हटलं, "अक्का, तिचा न्याय जो करणार आहे, तो आपल्यापेक्षा बरा आहे."

अक्कांनी मान हलवली. "हाई तं आबा बोले. तू काय बोलस?"

मी इतक्या फलाटांवर इतक्या माणसांसमोर उभी राहिले आहे. मला कोणी असं उलट विचारलं नव्हतं.

"माहीत नाही, अक्का," मी म्हटलं.

अक्का रागावल्या नाहीत. काठी बाजूला ठेवली, पेला घागरीत बुडवला, भरून माझ्यापुढे धरला.

"ऱ्हाऊ दे. पानी पे."

प्यायले. नव्या मातीचा वास होता. घागर पावसापर्यंत रोज भरीन असं बापूंची सून म्हणाली आहे. पाळकांना काय सांगायचं ते मी पाहीन. जे झालं तेच सांगेन. पण तो तयार मुद्दा मी पिशवीतून तसाच परत आणला, आबा. भेटायला वावराच्या कोपऱ्यावर येत जाईन. भांडायला कोणाकडे येऊ?